पंप काढायच्या आधी

‘पंप काढावा लागेल. नोझल तर करावेच लागतील. आणि खरं सांगू का साहेब, इंजिनच काम आलंय.’

जुनी डिझेल जीप ‘ॲव्हरेज देत नाही, घाटात ओढत नाही’ अशा तक्रारीसह गॅरेजात नेली की बॉनेट उघडायच्या आत हा निकाल लागतो. पुरावा नाही, उलटतपासणी नाही, थेट शिक्षा. मालक बिचारा हजारो रुपये मोजतो, जीप चारआठ दिवस गॅरेजात पडून राहते, आणि परत आली की पहिल्या आठवड्यात ‘जरा फरक वाटतोय’ असं स्वतःला समजावतो. महिन्याभरात ॲव्हरेज पुन्हा जिथं होतं तिथं.

या निकालाविरुद्ध मला बोलायचं आहे. पंप कधी बिघडतच नाही असा माझा दावा नाही. पंपाला आरोपी करताना जे तर्कशास्त्र वापरलं जातं ते मुळातच उलटं आहे, एवढाच दावा आहे.

आधी समोरच्यांची बाजू नीट मांडतो, कारण ती अगदीच पोकळ नाही. ते म्हणतात: गाडी पंचवीस-तीस वर्षांची. डिझेलमधलं पाणी आणि कचरा पिऊन पंपाचे एलिमेंट झिजलेले. नोझलचे फवारे बिघडलेले. रिंगा सैल, कॉम्प्रेशन उतरलेलं. मग मुळावर घाव घालायचा सोडून ब्रेक आणि टायर कशाला तपासत बसायचं? ऐकायला पटतं. आता तपासू.

बोलतोय ती गाडी कोणती तेही सांगायला हवं, नाहीतर चर्चा हवेत जाते. महिंद्राची एमएम ५४० घ्या. प्युजोचं एक्सडीपी इंजिन, २११२ सीसी, चार सिलिंडर, ६२ अश्वशक्ती. टर्बो नाही, सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. हातात पाना, जॅक आणि थोडा धीर असलेल्या माणसाला ही गाडी पूर्ण कळू शकते. म्हणूनच तिच्याबाबत ‘अंदाज’ चालवून घ्यायचं कारण नाही. जिथं स्कॅनर लावायची सोयच नाही, तिथं डोळे, कान आणि हात लावायचे असतात. तेच नेमके कुणी लावत नाही.

पहिला मुद्दा झिजलेल्या पंपाचा. ओळीत चार एलिमेंट असलेल्या इनलाइन पंपात प्लंजर आणि बॅरल यांच्यातली फट काही मायक्रॉनची असते. झीज झाली की ती वाढते. दाब आला की थोडं डिझेल त्या फटीतून मागं गळतं आणि नोझलपर्यंत कमी पोचतं. इंजिन गरम असेल आणि डिझेल पातळ झालेलं असेल तेव्हा तर जास्तच. म्हणून झिजलेल्या पंपाची खूण अशी: गाडी सकाळी बऱ्यापैकी सुरू होते, पण गरम इंजिन बंद करून चहाला थांबलात की पुन्हा सुरू व्हायला त्रास देते, ओढ कमी पडते, आणि धूर फारसा नसतो. नीट पाहा, झिजलेला पंप डिझेल कमी मारतो. मग ‘पंप झिजलाय म्हणून डिझेल जास्त खाते’ हे वाक्य उभं राहतं कसं? पंप आपणहून दिवसेंदिवस जास्त डिझेल मारायला लागत नाही. तो जास्त मारत असेल तर कुणीतरी त्याचा स्क्रू फिरवलेला असतो. त्या स्क्रूकडे मी नंतर येणार आहे.

इथं एक अपवाद मान्य करतो. रोटरी पंपात इंजेक्शन पुढे सरकवणारी यंत्रणा पंपाच्या आतल्या दाबावर चालते. आतल्या पाती झिजल्या की दाब कमी पडतो, टायमिंग मागे राहतं, आणि तेवढ्यापुरतं डिझेल वाया जातं. चारही सिलिंडरना असमान डिझेल जात असेल तरी नुकसान होतं, पण ते इंजिनच्या लंगडण्यावरून ऐकू येतं. म्हणजे पंपाचा दोष असला तरी त्याच्या खुणा वेगळ्या आहेत आणि त्या शोधता येतात. शोधून मग काढा. माझी तक्रार एवढीच आहे.

नोझलचं प्रकरण निराळं. फवारा बिघडून थेंब गळायला लागले की डिझेल नीट जळत नाही, काळा धूर येतो आणि खर्चही वाढतो. पण नोझल तपासायला पंप काढावा लागत नाही. इंजिन आयडलवर ठेवून एकेका नोझलचा पाईप ढिला करा. ज्या सिलिंडरला काही फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. मग चारही नोझल उतरवून टेस्टिंगच्या हातपंपावर लावा. प्युजोसारख्या प्रीचेंबर इंजिनात नोझल सव्वाशे बारच्या आसपास उघडतो, थेट इंजेक्शनच्या इंजिनात दोनशेच्या वर. फवारा बारीक धुक्यासारखा हवा, धार नको, थेंब नको. हे काम अर्ध्या दिवसाचं. ‘पंप-नोझल’ असा जोडशब्द करून दोन्हींचं एकत्र बिल लावणं हा व्यवहार झाला, निदान नव्हे.

खरा गोंधळ मात्र याच्याही आधी सुरू होतो. ‘ॲव्हरेज नाही आणि ओढ नाही’ ही एकच तक्रार समजली जाते. त्या दोन तक्रारी आहेत आणि कित्येकदा त्यांची कारणं एकमेकांच्या विरुद्ध टोकाला असतात. इंजिनला डिझेल कमी मिळतंय? ओढ जाईल, पण धूर येणार नाही. हवा कमी मिळतेय? ओढ जाईल, काळा धूर येईल, आणि ॲव्हरेजही जाईल. इंजिन ठणठणीत आहे पण गाडी अडकून चालतेय? दोन्ही जाईल आणि इंजिनमध्ये काहीही सापडणार नाही, कितीही खोला. सायलेन्सरच्या टोकाला उभं राहून चढावर धूर बघणं ही फुकटची तपासणी आहे. काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेलं डिझेल, पांढरा म्हणजे न जळताच बाहेर पडलेलं, निळा म्हणजे ऑइल. एवढं समजलं तरी निम्मे संशयित सुटतात.

धूर नाही आणि ओढ नाही, अशी गाडी असेल तर पंपाला हात लावायच्या आधी कुणालातरी एक्सलेटर तळापर्यंत दाबायला सांगा आणि पंपावरची लिव्हर बघा. ती शेवटच्या स्टॉपला टेकते का? केबल ताणली गेलेली असते, किंवा मालकाने हौसेने टाकलेलं जाड मॅट पेडलखाली येतं, आणि लिव्हर पाऊण भागावरच थांबते. अशी गाडी कितीही कॅलिब्रेट करा, पाऊणच्या वर जाणार नाही. त्यानंतर टाकीतली जाळी, फिल्टर, फीड पंप, आणि कुठंतरी एअर घेणारा होज. हे सगळं एका झटक्यात तपासायचा जुना मार्ग म्हणजे पाच लिटरचा कॅन. गरम मॅनिफोल्डपासून लांब, इंजिनपेक्षा उंचावर बांधा, त्यातून थेट फिल्टरला डिझेल द्या, रिटर्नची नळीही त्यातच सोडा, आणि एक चढ चढून या. ओढ परत आली तर दोष टाकी ते फिल्टर या रस्त्यात आहे. पंप निर्दोष. दोनशे रुपयांचा होज बदलण्याऐवजी आख्खा पंप उतरवला गेल्याची उदाहरणं या धंद्यात ढिगाने आहेत.

आता ॲव्हरेज. इथं तर मोजमापच चुकीचं असतं. कंपनीचा टायर ६.००-१६ मापाचा, उंची साधारण पावणेएकोणतीस इंच. ऑफरोडिंगची हौस असलेला मालक त्याजागी एकतीस इंची रुंद मड टायर घालतो. घेर आठ टक्क्यांनी वाढला. मीटरची केबल ट्रान्सफर केसमधून निघते. तिला चाकाचे फेरे कळतात, चाकाचा घेर कळत नाही. मीटरवर ३०० किलोमीटर दिसतात तेव्हा गाडी प्रत्यक्षात ३२४ चाललेली असते. तीस लिटर डिझेल गेलं असेल तर मालक ‘दहाच देते’ म्हणून रडतो. खरं ॲव्हरेज पावणेअकरा आहे. हे झालं कागदावरचं नुकसान. खरं नुकसानही आहेच: उंच चाक म्हणजे सगळे गिअर आठ टक्क्यांनी लांब झाले. कसाऱ्याच्या घाटात जिथं तिसरा गिअर पुरायचा तिथं दुसरा टाकावा लागतो. शिवाय मड टायरचे जाड गठ्ठे डांबरावर जास्त अडवतात. मालक गॅरेजात येऊन सांगतो, ‘ओढ गेली.’ कुठंही गेलेली नाही, ती टायरवाल्याकडे ठेवून आलात. पण हे सांगणारा मेस्त्री पंपाचं बिल कसं लावणार?

मोजायचंच असेल तर टाकी तोंडापर्यंत भरा, फेस बसू द्या, पुन्हा भरा. दोनतीनशे किलोमीटर चालवून त्याच पंपावर, त्याच नोझलवर पुन्हा तोंडापर्यंत भरा. अंतर फोनच्या जीपीएसवर किंवा रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवरून घ्या. आणि शेजाऱ्याची जीप चौदा देते हे मनातून काढून टाका. त्याच्याकडे एमडीआय असेल तर ते २५२३ सीसीचं थेट इंजेक्शनचं इंजिन आहे. प्रीचेंबर इंजिन ज्वाळेची बरीच उष्णता चेंबरच्या भिंतींना देऊन बसतं. त्यामुळे त्याच कामाला ते थेट इंजेक्शनपेक्षा साधारण दहा-पंधरा टक्के जास्त डिझेल घेतं. हा दोष नाही, रचना आहे. वेगाचंही तसंच. उभी काच आणि ताडपत्रीचं हूड घेऊन सत्तरऐवजी शंभरने गेलात तर हवेचा अडथळा दुप्पट होतो. एक्सप्रेसवेवर जीप पिदडायची आणि दोष नोझलला द्यायचा, हे कुठलं न्यायाचं?

ब्रेककडे मात्र मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण ‘इंजिनच्या तक्रारीत ब्रेक कशाला’ असं म्हणून सगळ्यात जास्त हसतात ते इथंच. हिशोब करा. दीड टनाच्या जीपला सपाट डांबरावर ढकलायला टायरांचा अडथळा मोडावा लागतो, तो साधारण वीस-पंचवीस किलोचा. आता मागच्या दोन चाकांचे ब्रेक किंचित चिकटताहेत, प्रत्येकी दहा किलोचा अडथळा करताहेत असं धरा. दहा किलो म्हणजे फार नाही. गाडी चालवताना कळतही नाही. पण अडथळा जवळजवळ दुप्पट झाला. चिखलातून, ओढ्यातून जाणाऱ्या जीपच्या ड्रममध्ये माती बसते, व्हील सिलिंडर गंजतात, हँडब्रेकच्या केबली आत फुगतात. मास्टर सिलिंडरच्या पुशरॉडला मोकळी चाल ठेवलेली नसेल तर ब्रेक सोडल्यावरही दाब पूर्ण उतरत नाही. तपासणी सोपी: ब्रेक फारसा न मारता दहा किलोमीटर चालवा, उतरून चारही ड्रमजवळ हात न्या. एखादा तापलेला असेल तर तोच चोर. मग जॅक लावून चाक हाताने फिरवा. याच तपासणीत बेअरिंग जास्त आवळलेली आहेत का आणि पुढचे हब विनाकारण लॉक राहिलेत का, तेही कळतं. टो-इन बिघडलेली असेल तर टायरच्या कडाच सांगतात.

क्लचही तसाच. टॉप गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने चढावर एक्सलेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज चढतो पण गाडी चढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. डिझेल जळतंय, उष्णता होतेय, चाकापर्यंत काही जात नाही. ही तक्रार पंपाच्या खात्यावर जमा झालेली मी पाहिली आहे.

मग थर्मोस्टॅट. आपल्याकडच्या गॅरेजांत हा भाग शत्रू मानला जातो. गाडी एकदा गरम झाली की पहिलं काम म्हणजे थर्मोस्टॅट काढून फेकणं. ‘आता कधी तापणार नाही.’ तापणार नाही हे खरं, पण गरमही होणार नाही. ऐंशी अंशांच्या आसपास चालावं म्हणून बनवलेलं इंजिन थंडीत हायवेवर साठीच्या पुढे जात नाही. थंड भिंतींना लागलेलं डिझेल नीट जळत नाही, काही ऑइलमध्ये उतरतं, लायनर लवकर झिजतात. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसल्यावर बायपासची वाट उघडीच राहते आणि निम्मं पाणी रेडिएटरला वळसा घालून जातं. म्हणजे ज्या तापण्याच्या भीतीने काढला, तेच चढावर पुन्हा दारात. पुढे काही वर्षांनी तोच मेस्त्री म्हणतो, ‘इंजिन झिजलंय.’ झिजणारच.

आता त्या स्क्रूकडे. ओढ नाही म्हटलं की दुसरा सल्ला असतो, ‘पंप थोडा वाढवून देतो.’ म्हणजे जास्तीत जास्त डिझेलच्या स्क्रूचं सील तोडून तो फिरवायचा. याचं उत्तर आकड्यांतच देता येतं. या इंजिनचा एक सिलिंडर सव्वापाचशे सीसीचा. त्यात एका दमात जेमतेम अर्धा ग्रॅम हवा मावते. एक ग्रॅम डिझेल पूर्ण जाळायला साडेचौदा ग्रॅम हवा लागते. पण आत सगळं मिसळायला वेळ मिळत नाही म्हणून धुराशिवाय चालवायचं तर अठरा-वीस ग्रॅम धरावी लागते. म्हणजे त्या सिलिंडरला एका वेळी पंचवीस ते तीस मिलिग्रॅम डिझेल पचतं. कंपनीने पंप तेवढ्यावरच लावलेला असतो. टर्बो नसलेल्या इंजिनात याच्या वर घातलेलं डिझेल ओढ थोडी वाढवतं आणि धूर भरपूर. उरलेलं एक्झॉस्ट तापवतं, पिस्टनच्या डोक्यावर घाव घालतं, हेड गॅस्केटचा अंत जवळ आणतं. मूळ दोष हवेचा असेल, ऑइल बाथ फिल्टर चिखलाने भरलेला असेल, तर पंप वाढवणं म्हणजे दम लागलेल्या माणसाला आणखी जेवायला वाढणं. पीयूसीला जुन्या डिझेल गाडीसाठी धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट आहे. वाढवलेला पंप तिथं नापास होतो. मग तपासणीपुरता स्क्रू मागे आणि परत पुढे. हा खेळ सगळ्यांना ठाऊक आहे.

उंचीवरही हाच हिशोब. लेह साडेतीन हजार मीटरवर; तिथं हवा जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने विरळ. टर्बो नसलेली जीप तिथं दमणारच आणि काळा धूर मारणारच, कारण साधा पंप मैदानातल्या हवेच्या मापानेच डिझेल देत राहतो. तिथं पंप वाढवून घेणाऱ्याला काय म्हणावं? शहाण्यांनी तिथं उलट डिझेल कमी करायचं असतं.

एक गोष्ट मात्र विसरली जाते आणि ती पंपाजवळच आहे: टायमिंग. पंप काढून परत बसवला की तो कानांतल्या लांबट भोकांत दोनचार अंश इकडेतिकडे बसू शकतो. खुणा जुळल्या म्हणजे झालं, असं समजणारे खूप. टायमिंग मागे राहिलं तर इंजिन मऊ आवाज करतं, मालक खूश होतो, ‘किती स्मूथ झाली’ म्हणतो, आणि ॲव्हरेज कोसळतं. कॅलिब्रेशन करून आणल्यावर ॲव्हरेज आणखी पडल्याच्या तक्रारींमागं बहुधा हेच असतं. पंपवाल्याचं बेंचवरचं काम उत्तम असेल, पण बसवताना डायल लावून टायमिंग मोजलं का, हे विचारा. टॅपेटही त्याच वेळी लावून घ्या. घट्ट टॅपेट व्हॉल्व्ह जाळतात, आणि मग खरोखरच कॉम्प्रेशन जातं.

राहिला शेवटचा दावा: ‘इंजिन काम आलंय.’ डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून जी उष्णता होते तिच्यावरच सगळा संसार. कॉम्प्रेशन खरंच गेलेलं इंजिन डिसेंबरातल्या महाबळेश्वरच्या पहाटे सहज सुरू होणार नाही; हीटर प्लग चांगले असूनही खूप वेळ स्टार्टर मारावा लागेल आणि पांढरा धूर सोडत, लंगडत चालेल. ऑइलचं झाकण उघडलं तर आतून धूर फुंकर मारल्यासारखा येईल. यातलं काहीच नसेल आणि कुणी नुसतं ऐकून ‘हाफ इंजिन बांधू’ म्हणत असेल, तर त्याला कॉम्प्रेशन गेज लावायला सांगा आणि चार सिलिंडरचे चार आकडे कागदावर लिहून मागा. इंजिन गरम, बॅटरी पूर्ण चार्ज. चारही आकडे तीस किलोच्या आसपास, एकमेकांपासून दोनतीन किलोंच्या आत असतील तर खोलू देऊ नका. तीन ठीक आणि एक बराच खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये अर्धा चमचा ऑइल सोडून पुन्हा मोजा. जास्त नको, डिझेलच्या डोक्यात जागा फार थोडी असते. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट, म्हणजे फक्त हेड उतरवायचं काम. चारही वीसच्या खाली गेले असतील तर मात्र मेस्त्री बरोबर आहे. इंजिन बांधून घ्या, आणि बिलावर नव्या थर्मोस्टॅटची ओळ आहे का ते बघूनच पैसे द्या.